तेरा नंबरचा पाना

ऑर्डर अडीचशे गार्डची होती.
अंबड लिंक रोडला माझं शेड, दोन मशिनी,
एक मी, एक मोतीराम गांगुर्डे,
आणि शाळा सुटल्यावर कोपऱ्यातल्या स्टुलावर
गृहपाठ सोडून ठिणग्या बघणारी कृतिका.
इकडे पाठ कर, मी ओरडतो.
कुठला पाठ, ती विचारते.

दहा एमएमचे गज, चार रिंगा,
सहा फूट उंची, वरून हिरवा ऑइलपेंट.
पुढे पत्र्याची पाटी, देणगीदाराच्या नावाची,
रोपाच्या तिप्पट रुंद.
पाटी सरळ बसली पाहिजे, ठेकेदार म्हणाला.
रोपाबद्दल काही बोलला नाही.

झाड जाड झालं की हे काढणार कोण?
कृतिकानं विचारलं.
मी काच डोळ्यांवर ओढली.
वेल्डिंग चालू असताना उत्तर द्यावं लागत नाही,
या धंद्यातला तेवढाच फायदा.

पण पोरगी चिवट.
रविवारी मला ओढत सिडकोत नेलं,
त्रिमूर्ती चौकाच्या मागच्या गल्लीत.
तिथं एका कडुनिंबानं गज गिळले होते.
खालची रिंग पूर्ण आत,
साल तिच्यावर मिटलेली, ओठासारखी.
वरची अर्धी बाहेर,
आणि तिथं खोडाला खोल करकोचा,
जसा बारशाला बांधलेला करदोडा
पोर शाळेत जायला लागलं तरी
कुणी सैल केलाच नाही.

जवळ जाऊन सांधा पाहिला.
आपल्या हाताची शिवण माणसाला कळते:
डावीकडे झुकणारे टिपके,
शेवटी एक जादा थेंब.
माझाच. नऊ वर्षांपूर्वीचा.
त्या बिलाच्या पैशांतून
हिच्या बाळंतपणाचा दवाखाना भागला होता.

गिरणीवाल्या पगारेबाईंनी वायर दिली.
कृतिकाच्या वर्गातला अरमान
बादलीभर पाणी आणि ओलं पोतं घेऊन आला,
झाडाला चटका नको म्हणून.
ग्राइंडर चालला दुपारभर.
निघालं तेवढं निघालं.
आत गेलेलं आता त्याचंच, मोतीराम म्हणाला,
आणि कापलेल्या टोकांवर
अंगठ्यानं माती लावली. उगाच.

सोमवारी नवा नमुना केला.
एका बाजूला बिजागरी, दुसऱ्या बाजूला दोन नटबोल्ट.
ठेकेदार म्हणाला, नगामागे चाळीस रुपये वाढले, कोण देणार?
म्हटलं, पाटी लहान करा.
तो हसला.
मग मोबाइल काढून हिशेब करत बसला.
पाटी वीतभर झाली.
देणगीदार रागावले म्हणे. रागावू देत.

मुलांनी वही घातली आहे.
करंज, पाथर्डी फाटा, उघडायचं साल २०३४.
बहावा, राणेनगर बोगद्याच्या अलीकडे, २०३५.
उंबर, नासर्डीच्या पुलाजवळ,
पुढे अरमानच्या अक्षरात: "लवकर. हा फार वाढतो."
त्या साली ही पोरं कुठं असतील,
पुण्यात, परदेशात, की इथंच दुपारच्या उन्हात,
मला माहीत नाही.
मी लहान असताना नाशकात
पंखा विकत घेणाऱ्याला लोक हसायचे.
हे सांगितलं की मुलं
मलाच हसतात.

दिवाळीआधी बोल्टला ग्रीस लावायचं,
नाहीतर गंज धरतो.
वहीच्या पहिल्या पानावर कृतिकानं लिहिलंय.
ग्रीसमधली वेलांटी पहिली की दुसरी
यावरून अर्धा तास भांडण झालं.

तेरा नंबरचा पाना दाराजवळ टांगलाय.
तिचा हात पोचत नव्हता,
म्हणून मी खिळा उपटायला पक्कड घेतली,
आणि थांबलो.
खाली एक नवा ठोकला.
वरचा राहू दिला.